दिवे लवकर लागतात

११ सप्टेंबर

पहिली खेप परत आली. ट्रकवाल्याने खोकी फाटकातच उतरवली आणि चहाही न घेता निघून गेला. समोरच्या नूडलवाल्याने दुकानाच्या पायरीवर उभं राहून सगळं पाहिलं, म्हणजे उद्यापर्यंत अख्ख्या शिनपू गावाला कळेल.

मोठ्या कंपनीतली नोकरी सोडून या गल्लीतल्या कारखान्यात आले तेव्हा आई म्हणाली होती, शिन-रू, तुझं डोकं फिरलंय. आज तिला फोन केला नाही.

आम्ही डोळे करतो. रस्त्यावरचे दिवे अंधार पडताच आपोआप लागतात, त्या प्रत्येक दिव्यावर नखाएवढी काच असते. काचेवर कॅडमियम सल्फाइडचा पातळ पिवळा थर असतो आणि उजेड आहे की गेला, हे तोच ओळखतो. आमचा माल घेणारे काओशुंगचे दिवेवाले म्हणतात, तुमच्या नव्या डोळ्यांना भर उन्हातच अंधार दिसतो. तिथल्या बंदरावर दुपार कलली की सगळे दिवे लागतात आणि लोक हसतात.

म्हातारा, म्हणजे आमचे मालक फंग, खोकी बघून एवढंच म्हणाला, "भट्टी नीट वागत नाहीये. पुडी बदलायला पाहिजे."

पुडी म्हणजे मक्याच्या कुरकुरीत खाऊची हिरवी पुडी. ती भट्टीच्या डोक्यावर ठेवली की यंत्र शहाण्यासारखं वागतं, असा आमच्याकडे सगळ्याच कारखान्यांत समज आहे. मोठ्या कंपनीतही होता. पुडी हिरवीच हवी, कारण हिरवा दिवा म्हणजे सगळं ठीक. पिवळी ठेवली की यंत्र कुरकुर करतं आणि लाल ठेवली की बंदच पडतं. पहिल्याच दिवशी मी याला हसले होते. भट्टी सांभाळणाऱ्या लिएन-चू मावशी ते अजून विसरलेल्या नाहीत.

१५ सप्टेंबर

आज पुन्हा भांडण झालं.

थर काचेवर बसतो तेव्हा लिंबाच्या सालीसारखा फिका असतो. भट्टीत भाजला की त्यातले बारीक कण एकमेकांना धरून मोठे होतात, आणि आधी जो हिरवट उजेड आरपार जात होता तो थर गिळायला लागतो. रंग गडद होत होत पर्सिमनच्या केशरी फळाकडे झुकतो. कमी भाजलं तर डोळ्याला संध्याकाळचा तांबूस उजेड उमगत नाही. जास्त भाजलं तर थरातलं गंधक उडून जातं आणि काच मळकट होते. या दोन्हींच्या मधे नेमकं कुठे थांबायचं, हे या कारखान्यात कुठेही आकड्यात नाही. ते म्हाताऱ्याच्या नजरेत आहे. तो चाचणीची पट्टी घेऊन खिडकीपाशी जातो, खाली पांढरा कागद धरतो, पट्टी तिरपी करतो आणि सांगतो: आच वाढव, नाहीतर आच उतरव. काओशुंगवाल्यांच्या करारातसुद्धा रंगाच्या पुढे 'फंग यांच्या पसंतीप्रमाणे' असंच आहे. वाचून मला आधी हसू आलं होतं.

मी आल्यापासून तो फक्त उतरव म्हणतो. आज पुन्हा पाच अंश. मी म्हटलं, रंग मोजणारा स्पेक्ट्रोमीटर उलटं सांगतोय, थर पूर्वीपेक्षा फिका पडतोय. तो म्हणाला, तुझं यंत्र सेकंडहँड आहे. ते मात्र खरं आहे. मीच घ्यायला लावलं, त्याचा दिवा जुना आहे आणि कधी कधी तो लुकलुकतो. दुपारभर मी तो पुन्हा पुन्हा जुळवत बसले. शेवटी मला माझ्याच डोळ्यांचा भरवसा वाटेना. पट्टी खिडकीशी धरली की फिकी दिसते. त्याचा आवाज आठवला की तीच गडद दिसायला लागते.

१९ सप्टेंबर

वारा सुरू झाला. आता तीन महिने स्कूटरवर हेल्मेटमधून शिट्टी वाजत राहणार. मालकीणबाईंनी गच्चीवर पर्सिमन सोलून टोपल्यांत वाळत घातलीत.

म्हातारा हल्ली भर दुपारी ऑफिसातले सगळे दिवे लावून बसतो. खेपा परत येतायत आणि वीज उधळायला हा मोकळा. मी बंद केले तर म्हणाला, पोरी, गुहेत बसायची सवय आहे का तुला? मग चहा ओतताना कपाबाहेर ओतला आणि मालकीणबाईंवर ओरडला की हा कप इथे कोणी सरकवला. त्यांनी फडक्याने टेबल पुसलं आणि कप त्याच्या हातात दिला. एवढी सोशिक बाई मी पाहिली नाही. मी असते तर फडकं त्याच्या डोक्यावर टाकलं असतं.

२६ सप्टेंबर

दुसरी खेपही परत.

या वेळी काओशुंगच्या साहेबांचा फोन माझ्यासमोरच आला. म्हाताऱ्याने स्पीकर लावला, कारण हल्ली त्याला फोनवरची बटणं चिडवतात म्हणे. साहेब नम्रपणे बोलले. तेच जास्त लागलं. इतक्या वर्षांचे संबंध म्हणून आणखी एक खेप घेऊ, तीही अशीच निघाली तर दुसरीकडे बघावं लागेल. आमच्याकडे दुसरं गिऱ्हाईक नाही. तिसरी खेप गेली तर भट्टी विझली, आणि भट्टी विझली की लिएन-चू मावशी, बाकीच्या बायका आणि मी, सगळ्याच रस्त्यावर.

फोन ठेवून म्हातारा खिडकीकडे वळला. मग म्हणाला, आणखी पाच उतरव.

मी उतरवली. का उतरवली ते माहीत नाही. 

२९ सप्टेंबर

हा दिवस मी विसरणार नाही.

सकाळी भट्टीखोलीत शिरले तर सगळ्या बायका घोळका करून उभ्या. भट्टीच्या डोक्यावर पिवळी पुडी. हळदीसारखी पिवळीधमक. लिएन-चू मावशी तिच्याकडे साप निघाल्यासारख्या बघत होत्या. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"गंमत वाटते का इंजिनियरबाईंना?"

मी म्हटलं, मी कशाला ठेवू. त्या म्हणाल्या, इथल्या कोणाचा हात तिकडे वळणारच नाही. बाहेरून आलेल्याचाच वळेल. कोणीतरी मागून हसलं. मला इतका राग आला की रडू फुटेल असं वाटलं, म्हणून मी तोंड धुवायला निघून गेले. परत आले तर पुडी गेली होती, तिच्या जागी हिरवी होती आणि उदबत्ती लावली होती. म्हातारा उशिरा आला, त्याला कोणी काही सांगितलं नाही. आपण मला पाठीशी घातलं असं मावशींना वाटतंय. जे केलंच नाही त्यासाठी उपकार घ्यायचे म्हणजे फारच झालं.

कोणी ठेवली असेल? मी सगळ्यांवर संशय घेऊन पाहिला. म्हाताऱ्यावरही. त्याला मी जायला हवी आहे, हे आता उघड आहे. पण भट्टीशी खेळ तो करणार नाही. पुडी तो स्वतः दुकानातून आणतो आणि दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाही.

३ ऑक्टोबर

डबा एकटीने खाल्ला. राजीनामा लिहिला आणि फाडला. आता गेले तर पुडी मीच ठेवली असं कायमचं ठरेल.

८ ऑक्टोबर

आज कारखान्यातल्या भूमिदेवाची पूजा होती. फळं मांडताना मावशी आपणहून बोलल्या, बहुधा दहा दिवस गप्प राहून त्यांनाच जड झालं असेल. म्हणाल्या, मालकांच्या नजरेवर शंका घेऊ नकोस. लहान वयापासून ते शिन्चूला काचेच्या बल्बच्या भट्टीत डोकावत आलेत. चष्मा नाही, जाळी नाही. एवढी आग पाहिलेली नजर तुझ्या यंत्राला कुठून येणार? मग देवाच्या मूर्तीकडे बोट दाखवून म्हणाल्या, त्यांची पहिली पास झालेली पट्टी अजून देवामागे लाल कागदात आहे.

माझ्या हातातलं संत्रं तसंच राहिलं. अंधारात, कागदात, इतकी वर्षं. मला हवा होता तो आकडा तिथेच बसला होता.

मी ती मागितली तेव्हा मावशी म्हणाल्या, मला काय विचारतेस, देवाला विचार. मला लाकडाच्या दोन फाळ्यांचा कौल टाकायला लावला. पहिल्यांदा दोन्ही फाळ्या पालथ्या पडल्या, म्हणजे नाही. दुसऱ्यांदा दोन्ही उताण्या. मावशी म्हणाल्या, देव हसतोय तुला. तिसऱ्यांदा एक पालथी आणि एक उताणी पडली. तेव्हा त्यांनीच स्टूल ओढून पट्टी काढून दिली. पुडीवर हसणारी मी देवासमोर गुडघे टेकून कौल लावत होते, हे मोठ्या कंपनीतल्या लोकांनी पाहिलं असतं तर काय म्हणाले असते.

स्पेक्ट्रोमीटरखाली धरली. रंग हवा तसाच, खोल आणि स्वच्छ. आमच्या सध्याच्या पट्ट्या तिच्यापुढे आजारी दिसतात. म्हणजे यंत्र ठीक आहे आणि मीही ठीक आहे.

९ ऑक्टोबर

मी एक आगाऊपणा केला. चाचणीच्या पट्ट्यांत ती देवामागची पट्टी मिसळली आणि म्हाताऱ्यापुढे ठेवली.

त्याने एकेक खिडकीशी नेली. नव्या पट्ट्या बघून नेहमीसारखं 'गडद' म्हणत गेला. जुनी हातात आली तशी त्याचं तोंड वाकडं झालं. "ही तर जळालीय. फेकून दे."

स्वतःचीच पट्टी. ज्या पट्टीवर कारखाना उभा राहिला ती. मला वाटलं होतं की जिंकल्यासारखं वाटेल. तसं काही वाटलं नाही, नुसती चीड आली. म्हणजे माझ्या हातून जे जाईल ते त्याला नापासच करायचं आहे, मग ते देवामागचं का असेना.  पट्टी पुन्हा लाल कागदात गुंडाळून खिशात ठेवली. वेळ आली की सगळ्यांसमोर काढीन.

१४ ऑक्टोबर



तिसऱ्या खेपेसाठी भट्टी उद्या तापवायची. आज जेवणाच्या सुट्टीत हातमोजे राहिले म्हणून भट्टीखोलीत परत गेले, तर म्हातारा एकटाच आत होता. काखेत दुकानाची पिशवी. त्याने जुनी हिरवी पुडी खाली काढली आणि पिशवीतली नवी वर ठेवली. बोटांनी चाचपून कडेला नीट सरळ केली, चित्राची बाजू समोर. मग दोन्ही हात जोडून भट्टीला म्हणाला, "एवढी एक खेप नीट भाज बाई. पोरी बिचाऱ्या घाबरल्यात."

पुडी पिवळी होती.

मी दाराआड उभी राहिले. तो गेला तरी हलले नाही. भर दुपारचे दिवे, कपाबाहेरचा चहा, फोनची बटणं, जळालेली पट्टी, सगळं एकदम समोर आलं. त्याच्या डोळ्यांत काहीतरी साचून पिवळं झालंय. तो प्रत्येक गोष्ट त्यातून बघतोय, म्हणून त्याला प्रत्येक थर जास्त भाजलेला दिसतो. आणि मी म्हणत होते की तो माझा दुस्वास करतो.

पोरी बिचाऱ्या, म्हणाला. त्यात मीही आलेच.

१५ ऑक्टोबर

गच्चीवर मालकीणबाईंकडे गेले. त्या पर्सिमन दाबत होत्या. एकेक फळ अंगठ्याने हलकं दाबायचं आणि उलटं ठेवायचं. मी कसं सुरू करावं ते कळेना, म्हणून शेजारी बसून दाबायला लागले. म्हणाल्या, इतक्या जोरात नको, फुटतील.

मग मी सांगितलं. त्या दचकल्या नाहीत. मागच्या वर्षीपासून माहीत होतं, म्हणाल्या. रस्ता ओलांडताना तो त्यांची बाही धरतो आणि दाखवतो असं की त्यांनाच सांभाळतोय. डॉक्टरचं नाव काढलं की दोन दिवस जेवत नाही. त्याला वाटतं, डोळे गेले असं कोणाला कळलं की काओशुंगवाले त्याच दिवशी करार मोडतील.

मी विचारलं, मग मी त्यांना काय सांगू?

"तुम्हाला दिसत नाही, असं सांगू नकोस. ते त्यांना माहीत आहे. तुला दिसतं, असं सांग."

१७ ऑक्टोबर

भट्टी मी थांबवून ठेवली होती. मालक ऑफिसात दिवे लावून बसले होते. मी दार लावून घेतलं आणि लाल कागदातली पट्टी त्यांच्या हातात दिली. सगळ्यांसमोर काढायची म्हणून ठेवलेली.

त्यांनी कागद सोडवला. पट्टी खिडकीकडे नेली नाही. अंगठा कडेवरून फिरवला आणि एका कोपऱ्यावर थांबवला. तिथे बारीक खाच आहे, मला ती दिसलीच नव्हती.

"ही मी कापलेली खाच," म्हणाले. मग, "त्या दिवशी मी हीच फेकून दे म्हणालो?"

"हो, मालक."

बाहेर वाऱ्याने पत्रा वाजत होता. मला वाटलं ओरडतील. मला वाटलं कामावरून काढतील. मी खुर्चीची पाठ घट्ट धरून उभी होते. ते पट्टीवरून अंगठा फिरवत राहिले, पुढे आणि मागे. म्हातारं माणूस रडतं तेव्हा आवाज येत नाही, हे मला माहीत नव्हतं.

"मला ती काळी दिसते," म्हणाले. "तुला कशी दिसते?"

मी सांगितलं. गच्चीवरचं पर्सिमन वाऱ्यात दोन दिवस राहिलं की जसं होतं, तसा रंग. आतून उजेड असल्यासारखा, कडेला थोडा सोनेरी. मी आयुष्यात कधी रंगाविषयी इतकं बोलले नाही. ते डोळे मिटून ऐकत होते आणि मधेच विचारत होते, मळकट छटा आहे का? नाही, मालक. कडेला धूर? नाही.

"मग तसंच भाज," म्हणाले, आणि खणातून त्यांचा शिक्का काढून माझ्यापुढे सरकवला. या शिक्क्याशिवाय इथून एकही खोकं बाहेर जात नाही. "आच किती ते तू ठरव. मला सांगूसुद्धा नकोस, नाहीतर मी उतरवायला लावीन."

भट्टी तापवायला गेले तर लिएन-चू मावशी पिवळ्या पुडीकडे हात नेत होत्या. मी त्यांचं मनगट धरलं. म्हटलं, राहू दे, ती मालकांनी स्वतः ठेवलीय. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग पुडीकडे बघितलं, मग ऑफिसच्या काचेआडून दिसणाऱ्या त्या दिव्यांकडे. त्यांचं तोंड एकदम उतरलं.

"पहिलीसुद्धा?" म्हणाल्या.

मी मान हलवली. त्या खाली बसल्या आणि हातमोज्यानेच डोळे पुसले. मग उठून भट्टीचं झाकण लावलं.

१८ ऑक्टोबर

पट्ट्या बाहेर आल्या. स्पेक्ट्रोमीटर म्हणतो बरोबर. माझी नजर म्हणते बरोबर. तरी शिक्का मारताना हात जड झाला. चुकले तर बोलणी खायला आता म्हातारा नाही, मीच.

२ नोव्हेंबर

फोन नाही. रोज संध्याकाळी स्कूटर थांबवून रस्त्यावरचे दिवे कधी लागतात ते बघते. जसं काही ते आमचेच आहेत.

६ नोव्हेंबर

काओशुंगचा फोन आला. बंदरावरचे दिवे आता सूर्य बुडाल्यावर लागतात. पुढची मागणी दिली. साहेबांनी विचारलं, फंग साहेबांनी भट्टी बदलली का? मी म्हटलं, नाही, भट्टी तीच आहे.

मालकांना सांगितलं तेव्हा ते मालकीणबाईंना म्हणाले, चल, आता तुझ्या त्या डॉक्टरकडे जाऊ. जसं काही त्या रोज मागे लागल्या नव्हत्या. डॉक्टर म्हणाले, जुन्या काच कारागिरांत असा मोतीबिंदू दिसतो. आगीकडे उघड्या डोळ्यांनी वर्षानुवर्षं बघितलं की डोळ्यातलं भिंग भाजून निघतं. मालकीणबाई हे सांगताना हसत होत्या आणि रडत होत्या.

२७ नोव्हेंबर

आज मालक परत आले. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय, डाव्याचं पुढच्या महिन्यात. फाटकातून आत आले तेच थांबत थांबत. भिंतीला हात लावून म्हणाले, ही निळी होती? मावशींना म्हणाले, तुझे केस कधी पिकले? मावशींनी सांगितलं, तुमच्या आधी.

मग भट्टीखोलीत आले आणि वर बघून एकदम थबकले.

"ही पिवळी कोणी ठेवली?"

सगळ्या बायका जमिनीकडे बघायला लागल्या. गेल्या महिन्यापासून ती पुडी तिथेच होती. काढायची कोणाची छाती झाली नव्हती. लिएन-चू मावशींनी तोंड उघडलं होतं, पण मीच आधी बोलले.

"मी ठेवली, मालक."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, नव्या डोळ्याने. मग भट्टीपाशी गेले आणि पुडी खाली काढली. उजव्या डोळ्यावर तळहात ठेवला आणि नुसत्या डाव्याने तिच्याकडे बघितलं.

"या डोळ्याला हिरवी दिसते," म्हणाले.

 त्यांनी पुडी फोडली, पहिली मूठ माझ्या हातात ओतली, मग मावशींच्या. खेप हिच्याखाली पास झाली, वाया कशाला घालवायची, म्हणाले. आणि उद्यापासून खरेदीला शिन-रू जाईल. खाऊ मऊ पडला होता. आम्ही उभ्याउभ्याच तो संपवला.

दुपारी मालकांनी ऑफिसातले दिवे बंद केले. म्हणाले, वीज काय फुकट येते का.